जुन्या नावावर आलेली तीन पत्रं

पाडव्याला लोक सोनं घेतात, स्कूटर घेतात, अगदीच काही नाही तर मिक्सर घेतात. आमच्या बाई डोमेन घ्यायच्या. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, जे टाइप केलं की वेबसाइट उघडते ते. घरी गुढी उभारून झाली की त्या कसब्यातल्या ऑफिसचा जिना चढायच्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "घ्या हो, मुहूर्त टळायच्या आत." मग मी फोनची वायर कॉम्प्युटरला जोडायचो, मोडेमची किरकिर संपेपर्यंत दोघंही गप्प बसायचो, आणि नाव आमचं झालं असं पडद्यावर आलं की बाई मला एक पेढा द्यायच्या. दुसरा मागायची सोय नव्हती.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी अमरावतीकडून डिप्लोमा करून आलेला, सदाशिव पेठेत एका खोलीतल्या चार कॉटपैकी खिडकीपासून लांबची कॉट माझी. बरोबरीची पोरं हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांत चिकटत होती. मला तिथे कोणी उभं केलं नाही, म्हणून मी बाईंकडे आलो. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. "आपल्याला दुसरीकडे नोकरी मिळाली नाही म्हणून आपण इथे आहात," त्या म्हणाल्या, "आणि मला दुसरा माणूस परवडत नाही म्हणून मी आपल्याला घेते आहे. म्हणजे कोणाचे उपकार नकोत." बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मूल नाही. मला त्यांची भीती वाटायची आणि आधारही वाटायचा.

ऑफिस म्हणजे तांब्याची भांडी ठोकणाऱ्या आळीत, एका दुकानावरच्या दोन खोल्या. दिवसभर खालून ठाकठोक चालू. काम असं होतं, की ज्यांची मुलं अमेरिकेत गेली आहेत अशा पेठांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघायचं. ठरलेल्या वारी आमच्या मावशा त्यांच्या घरी जायच्या, औषधं आणायच्या, लाइटचं बिल भरायच्या, थोडं बसायच्या. प्रत्येक घराची एक जादा किल्ली बाईंच्या कपाटात नंबर लावून ठेवलेली असायची. आणि मुख्य काम टपालाचं. त्या घरांमध्ये कॉम्प्युटर नव्हते आणि परदेशी फोनचं मीटर पळायला लागलं की बोलणाऱ्याची जीभ जड व्हायची. म्हणून मुलं आम्हाला मेल पाठवायची, मी तिचा प्रिंट काढायचो, आणि मावशी तो कागद घरी नेऊन द्यायच्या. डोळे अधू असतील तर वाचून दाखवायच्या. म्हातारी माणसं कागदावर उत्तर लिहायची, ते मी टाइप करून पाठवायचो. किती आयांची, किती बापांची दुखणी माझ्या बोटांखालून गेली याची गणती नाही.

वेबसाइट एकच होती, पण चौथ्या पाडव्यापर्यंत तिला सहा नावं झाली होती. पहिलं नाव बाईंनी हौसेने अस्सल मराठी घेतलं. ते कोणाच्या तरी अमेरिकन जावयाला टाइप करता येईना, म्हणून पुढच्या वर्षी इंग्रजी घेतलं. मग त्याच्यासारखंच नाव दुसऱ्या कोणी घेऊन आपली माणसं पळवू नयेत म्हणून आणखी दोन. मग आपण काही दुकान नाही म्हणून संस्थांचं असतं तसल्या 'डॉट ऑर्ग' शेपटाचं एक. दर वर्षी नवं नाव मुख्य व्हायचं आणि जुनी त्याच्या मागे उभी राहायची. मी एकदा म्हटलं, "बाई, जुनी सोडून देऊ. दर वर्षी नूतनीकरण करत राहायचं, लक्षात ठेवायचं, कशाला?"

"नवरा गेला म्हणून त्यांचं नाव सोडलं का मी?" बाई म्हणाल्या. "लोकांच्या डायरीत जुना पत्ता असतो. तो कोणी खोडून लिहीत नाही. आपण आपलं दार उघडं ठेवायचं."

दार उघडं ठेवायचं तंत्र सोपं असतं. घर बदललं की जुन्या दारावर आपण चिठ्ठी चिकटवतो, समोरच्या बोळात दुसरा मजला. त्यालाच आमच्या धंद्यात रिडायरेक्ट म्हणतात. कोणी जुनं नाव टाइप केलं की त्याला आपोआप नव्या नावावर नेऊन सोडायचं. त्याला कळतही नाही. मात्र ही चिठ्ठी वेबसाइट बघायला येणाऱ्यापुरतीच असते. त्या नावावर येणारी मेल ती चिठ्ठी वाचत नाही. मेलची वाट वेगळी, आणि ती प्रत्येक नावासाठी वेगळी बांधून द्यावी लागते. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहितो, कारण माहीत नव्हतं म्हणायची सोय आहे आणि मी ती बरीच वर्षं वापरली.

आता सरांबद्दल.

सर गणिताचे शिक्षक होते. पत्नी वारली होती, मुलगी एकच, ती अमेरिकेत. माझ्या खोलीपासून चार घरं सोडून त्यांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी त्यांच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी जायच्या. मधल्या वारी मुलीची मेल आली तर संध्याकाळी घरी जाताना कागद मीच वर टाकायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच उभं केलं.

"आपण कुठले?"

"अमरावतीकडचा."

"तरीच. जिना चढताना सगळ्या इमारतीला कळवत आलात." मग कागद घेतला, चष्मा लावला, आणि उभ्याउभ्या वाचला. खिशातून लाल पेन्सिल काढून कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी सहा. "मजकूर कमी आणि हवामान फार," ते म्हणाले. "बर्फ पडला हे तिने मला तीन वेळा कळवलं आहे. मी काय करू त्या बर्फाचं?"

प्रत्येक पत्राला ते असे गुण द्यायचे आणि तारखेप्रमाणे एका फायलीत लावायचे. सातच्या वर कधी गेलेले मी पाहिले नाहीत. पण कागद हातात पडला की त्यांचा अंगठा त्यावरून दोनदा फिरायचा, इस्त्री केल्यासारखा. मग मला "बसा" म्हणायचे. चहा मात्र विचारून. "घेणार आहात का, की खोलीवर जाऊन घेणार?" माझे वडील गावी शाळेत शिपाई होते. एका मास्तरासमोर खुर्चीत बसून चहा पिताना मला फार बरं वाटायचं. कॉटवर परतलो की पोरांना सांगायचो, एक सर आहेत, आपले दोस्त. ते ऐकलं असतं तर सरांनी शून्य दिलं असतं.

त्या चौथ्या पाडव्याला सहावं नाव घेतलं आणि माझ्या अंगात आलं. सहा नावं ती विकणाऱ्या चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे पडलेली, प्रत्येकाची मुदत वेगळी, पासवर्ड वेगळा. मी बाईंना म्हटलं, सगळी नावं एका छताखाली आणतो, एका कंपनीकडे. एकदाच डोकं लावायचं, पुढे वर्षानुवर्षं बघायला नको. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "जुन्या नावाने वेबसाइट उघडेल ना?"

"उघडेल."

"आणि जुन्या पत्त्यावर लिहिलेली पत्रं?"

"सगळं येते ना बाई. काही काळजी करू नका."

तीन दिवसांत मी काम उरकलं. एकेक नाव टाइप करून बघितलं, सहाही नावांनी आमचंच पान उघडलं. चाचणीसाठी स्वतःला एक मेल पाठवली, ती मुख्य पत्त्यावर. आली. जुन्या पाच पत्त्यांवर पाठवून बघायला अर्धा तास लागला असता. मला भूक लागली होती. हे कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहायलाही लाज वाटते, पण दुसरं काही कारण नव्हतं. भूक लागली होती, आणि पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.

जुन्या पाचांपैकी चार नावांवर आता कोणी लिहीत नव्हतं, दर पाडव्याला नवा पत्ता कळवला की मुलं तो वापरू लागायची. उरलेलं पाचवं म्हणजे आमचं सगळ्यात पहिलं, अस्सल मराठी नाव. त्या पत्त्यावर अजून लिहिणारं माणूस एकच होतं, सरांची मुलगी. पहिल्या वर्षी तिने तो पत्ता आपल्या कॉम्प्युटरमध्ये साठवला आणि तोच वापरत राहिली. इतकी वर्षं त्या पत्त्यावरची पत्रं मुख्य डब्यात आणून टाकायची वाट मीच बांधलेली होती. नाव हलवलं तशी ती वाट पुसली गेली.

पाडव्यानंतर पंधरवड्याने सरांचं आणि मुलीचं फोनवर भांडण झालं. ते मला मावशींकडून कळलं. मावशी येरवड्याहून बस बदलून यायच्या, माहेर मुळशीकडचं. त्या दिवशी त्या सरांकडेच होत्या. मुलगी एवढ्या मोठ्याने बोलत होती की पलीकडचं मावशींनाही ऐकू येत होतं. ती म्हणत होती, फ्लॅट विका आणि इकडे या. सर म्हणत होते, नाही. ती रडत रडत म्हणाली, मग मरा तिथेच एकटे. सरांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"आन् मंग परत वाजला फोन," मावशी म्हणाल्या. "उचलला, तिचा आवाज आयकला, ठिवून दिला. तीनदा. म्या म्हनलं, सर, लेकरू हाय, बोला की. तर म्हनले, फोनवरचं बोलनं मी धरत न्हाई. काय सांगायचं ते लिहून कळव म्हनावं."

ते त्यांनी तिला सांगितलंही. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा उचलून एवढंच एक वाक्य बोलले, लिहून कळव, आणि मग फोनची वायरच काढून ठेवली. असा माणूस. त्याला पटवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मुलगीही त्याचीच. तिने लिहिलं.

इकडे सर वाट बघू लागले. वाट बघतो आहे असं दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते आधी मावशींना विचारायचे, सहज, पाठमोरे होऊन. मग एके दिवशी मावशी ऑफिसात येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "दादा, सर लई इचारत्यात. आलं आसंल कायतरी तर बघा की नीट."

"आलं असतं तर तुमच्याजवळ दिलं नसतं का, मावशी?"

"तसं न्हवं. ह्या मशिनीत कुठं आडकलं आसंल."

मी हसलो. त्या चौथी शिकलेल्या, मी डिप्लोमावाला. मशीनमध्ये काही अडकत नसतं असं मी त्यांना समजावून सांगितलं, चांगलं सावकाश.

दोन आठवडे गेले, तीन गेले. मी संध्याकाळी त्यांच्या इमारतीखालून जाताना वर बघायचं टाळू लागलो. रिकाम्या हाताने जिना चढायला मला नको व्हायचं. एकदा ते खालीच भेटले, दूध घेऊन येत होते. दाढी वाढलेली. सरांची दाढी मी तोवर पाहिली नव्हती. पिशवी मी घेतली आणि वर सोडायला गेलो. फाइल टेबलावर उघडी पडलेली होती, जुनी पत्रं वाचत असावेत. मला म्हणाले, "बसा," आणि चहाचं विचारायला विसरले.

"सर, तुम्हीच लिहा ना एकदा. मी आत्ताच्या आत्ता जाऊन टाइप करतो."

"उत्तर आधी तिचं यायला हवं. मी सांगितलं आहे तसं." मग खिडकीकडे बघत राहिले. "यायचं नाही म्हणा. बापावर गेली आहे. तिच्या जागी मीही लिहिलं नसतं."

निघताना ते दारापर्यंत आले. दाराच्या कडीला हात, आणि आवाज असा काही बारीक, की मला आधी कळलंच नाही ते विनंती करतायत म्हणून.

"आपण एकदा पुन्हा बघाल का हो? सगळीकडे. नीट."

मला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे. दिवसभराचा शीण होता, मावशींनी त्याच दिवशी पुन्हा तेच विचारलं होतं, आणि आपल्या कामावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरायचं, ते अजून फिरतं. मी म्हणालो, "सर, पाहून राहिलो ना रोज. सगळीकडे म्हणजे जागा एकच असते. त्यांनी लिहिलं असतं तर दिसलं असतं."

सरांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ताळा घेतला आहे म्हणता, म्हणजे प्रश्न मिटला." आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.

त्यानंतर त्यांनी मावशींना विचारणं बंद केलं. जेवणही कमी केलं असं मावशी म्हणायच्या. डब्यातली भाजी तशीच परत यायची. बाईंनी डॉक्टर पाठवले, डॉक्टरांनी वय आणि उन्हाळा सांगितला. एका सोमवारी सकाळी मावशींनी बेल वाजवली, दोनदा, तीनदा, आणि मग शेजारून बाईंना फोन करून किल्ली मागवून घेतली. किल्ली घेऊन मीच पळत गेलो. कसब्यातून सदाशिव पेठेत पळत जायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. दार मावशींनी उघडलं. सर खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, झोपेत, हृदय, रविवारी कधीतरी. त्रास झाला नाही म्हणाले. डॉक्टर असं म्हणतातच.

फोनची वायर अजून काढलेलीच होती. ती मी लावली, आणि बाईंनी त्याच फोनवरून अमेरिकेत कळवलं.

मुलगी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवस झाले आणि मग ती ऑफिसात आली, घराची आमच्याकडची किल्ली परत घ्यायला. चाळिशीची, सरांसारखीच ताठ, डोळे सुजलेले. हातात ती फाइल. मी ती बघितली आणि उठून उभा राहिलो. बाईंनी तिला माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ह्यात माझी सगळी पत्रं आहेत. शेवटची तीन सोडून. त्यांनी ती फाडली का? की तुम्ही दिलीच नाहीत?"

"कोणती तीन?" बाईंनी विचारलं.

"भांडणानंतरची. पाठोपाठच्या तीन आठवड्यांतली. बाबांनी लिहून कळव म्हणून सांगितलं होतं, मी लिहिलं. मी नेहमीच्याच पत्त्यावर पाठवली आहेत. उत्तर आलं नाही, मला वाटलं राग गेला नसेल." आणि तिने पत्ता सांगितला, आमच्या पहिल्या नावावरचा.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. पुढचं मी केलं ते कळलेलं खोटं ठरेल अशी आशा धरून. नव्या कंपनीचं पान उघडलं, पासवर्ड दोनदा चुकला. तेव्हा पानं एकेक ओळ करत खाली उतरायची. खाली ठोकाठोक चालली होती, ती समोर बसली होती, बाई माझ्या मागे. त्या पानावरच्या मेलच्या चिन्हावर मी पाडव्यापासून एकदाही क्लिक केलं नव्हतं. त्या कंपनीची पद्धत अशी होती की तुम्ही काही सांगितलं नाहीत तर नावावर येईल ते सगळं एका डब्यात ठेवून द्यायचं. परत पाठवायचं नाही. म्हणून तिला पत्र परत आल्याचंही कळलं नव्हतं. डब्यात औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती भरल्या होत्या. त्यांच्यामध्ये तिची तीन पत्रं होती, न उघडलेली.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. नाव हलवलं, वाट पुन्हा बांधायची राहिली, सगळं सांगितलं. खरं तर एवढं कबूल करणं मला अवघड गेलं नाही. त्यात तंत्राचे शब्द होते, आणि तंत्राच्या शब्दांमागे माणसाला उभं राहता येतं.

"प्रिंट काढून द्या," ती म्हणाली.

मी काढले. पहिल्यात माफी होती, चार ओळींची. दुसरं लांब होतं. तिसऱ्यात तिने लिहिलं होतं, तुम्हाला न्यायला येत नाहीये, नुसती भेटायला येतेय, जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं आहे, जमलं तर फोनची वायर लावून ठेवा. प्रिंटरमधून कागद बाहेर येताना माझ्याने ते वाचल्याशिवाय राहवलं नाही. कागद मी टेबलावर ठेवले, तिच्या बाजूला सरळ करून. बाई किल्ली आणायला आतल्या खोलीत गेल्या. त्यांना आत जाऊन डोळे पुसायचे असणार.

तिने कागदांना हात लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी म्हणाल्या, तुम्हीही जायचात बाबांकडे."

"हो."

"मग त्यांनी तुम्हाला विचारलं असेल ना? माझं काही आलंय का म्हणून?"

मावशींनी हिला किती सांगितलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं, की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही काय सांगितलंत. आणि त्याचं उत्तर होतं, की त्यांनी लिहिलं असतं तर दिसलं असतं. तुमच्या वडिलांना मी, ह्या तोंडाने, छातीठोकपणे सांगितलं की तुम्ही लिहिलेलं नाही. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. जेवणही सोडलं. मी स्वतःशी म्हटलं, हे ऐकून ही बाई मोडेल, हिला कशाला सांगायचं. तिला जपतो आहे असं मी त्या अर्ध्या मिनिटात स्वतःला पटवलं. जपत मी स्वतःला होतो.

"नाही," मी म्हणालो. "मला तर नाही विचारलं."

"एकदाही नाही?"

"नाही."

तिने मान हलवली, अगदी सरांसारखी. खाली बघत, त्या तीन कागदांना सांगितल्यासारखं म्हणाली, "मला वाटत होतं, निदान वाट तरी बघितली असेल."

बाई बाहेर आल्या, किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने किल्ली पर्समध्ये टाकली, कागद घडी करून फायलीत ठेवले, "येते" म्हणाली आणि जिना उतरू लागली. आमचा जिना लाकडी, अरुंद, सवय नसलेल्या माणसाला एकेक पायरी चाचपडत उतरावा लागतो. ती सावकाश उतरत होती. हाक मारायला भरपूर वेळ होता. मी खुर्चीतून उठलो नाही.